मे महिन्यात टेकडी पाहून गेलेल्या साहेबांना खुले पत्र

प्रति,
टेकडी सुशोभीकरणाचे काम पाहणारे माननीय अधिकारी, अभियंते व सल्लागार,
नागपूर

विषय : दुसऱ्या टप्प्याचे काम सुरू करण्याआधी टेकडीवरील वनस्पतींची पावसाळ्यात पाहणी करण्याबाबत

माननीय महोदय,

या विषयावर मी तुमच्या कार्यालयात रीतसर अर्ज दिला होता, पोचही घेतली होती. उत्तर आलं ते असं : ‘सदर जागा पडीक असून कामामुळे एकही वृक्ष बाधित होत नाही, सबब आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’ तुमच्या बाजूने प्रकरण संपलं. माझ्या बाजूने संपलेलं नाही, कारण दिवाळीनंतर उरलेल्या उतारावर दुसऱ्या टप्प्याचं काम सुरू होणार असल्याचा फलक पायथ्याशी लागला आहे. आत्ता श्रावण चालू आहे. हातात जेमतेम दोन-अडीच महिने आहेत, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितो आहे.

टेकडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्या वनस्पतीबद्दल लिहायचं आहे तिचा कंद औषधाच्या बाजारात विकला जातो. जागेचं नाव फुटलं की पोती आणि सब्बल घेऊन तिथं कोण पोचेल याची मला पुरती कल्पना आहे. कार्यालयाचं नावही म्हणूनच नाही. पत्र कोणाला आहे ते तुम्हाला कळेल, आणि पश्चिम नागपुरात सकाळी फिरायला जाणाऱ्यांनाही कळेल.

माझा यात काय संबंध, असा प्रश्न तुमच्या एका साहेबांनी मला तोंडावर विचारला होता. मी रोपवाटिका चालवतो. शहरातल्या दुभाजकांवर, चौकांत, बंगल्यांच्या आवारात जी शोभेची झाडं लागतात त्यांतली काही माझ्याकडून जातात. कुठे सुशोभीकरण निघालं की ठेकेदाराचा फोन येतो आणि त्या फोनवर माझ्याकडच्या कामगारांचे पगार निघतात. तेव्हा ‘यांना विकास नको असतो’ हे ठेवणीतलं वाक्य निदान माझ्यासाठी वापरू नका. हे पत्र लिहून मी स्वतःच्याच गिऱ्हाइकाशी वाकडं घेतो आहे. घरून त्याबद्दल बोलणीही खाऊन झाली आहेत.

आता मुद्द्याचं. ती वनस्पती म्हणजे काळी मुसळी. शास्त्रीय नाव कर्क्युलिगो ऑर्किऑइडिस. मिरगाचा पहिला दणकून पाऊस झाला की टेकडीच्या मुरमातून तिची पाती वर येतात. लांबट, उभ्या शिरांची, मधे चुण्या पडलेली पानं, शिंदीचं कोवळं रोप असतं तशी. आजूबाजूच्या गवतात ती सहजी ओळखू येत नाहीत. मग काही दिवसांत पानांच्या बुडाशी, अगदी जमिनीला टेकून, पिवळंधमक फूल उमलतं. सहा पाकळ्यांची चांदणी, साधारण रुपयाच्या नाण्याएवढी. फिरायला येणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणांना ती दिसत नाही, कारण नजर समोर असते आणि फूल चपलेच्या उंचीवर.

या झाडाचा बाकी सगळा कारभार जमिनीखाली चालतो. बीजकोशसुद्धा वर नसतो, तो पानांच्या बुडख्यात, मातीच्या आत दडलेला असतो. फूल वर येतं ते एका बारीक लांब नळीच्या टोकावर. फळ तिथंच आत धरतं, त्यात काळं चकचकीत बी. हे बी म्हातारीसारखं वाऱ्यावर उडत नाही. दुसरी सोय म्हणजे पान वाकून त्याचं टोक ओल्या मातीला टेकलं की तिथे मुळं फुटतात आणि नवं रोप तयार होतं. म्हणजे एकूण पसारा वाढला तर वीत-दोन वीत. खाली सरळ गेलेला कंद असतो, बाहेरून काळपट, आतून पांढरट. पावसाळा सरला की पानं वाळतात आणि पुढचे कितीतरी महिने हे झाड फक्त त्या कंदात जिवंत असतं. 45 अंशांचा नागपुरी उन्हाळा ते असं भुईत बसून काढतं.

कोणाला हे अवघड वाटत असेल तर त्यांनी काटवल आठवावं. ‘केवढं महाग झालं’ म्हणत म्हणत आपण पावसाळ्यात पावशेर घेतोच, ते काटवल. त्याचंही फूल पिवळं, त्याचाही वेल दर वर्षी वाळतो आणि पुढच्या पावसात त्याच जुन्या कंदातून फुटतो. उन्हाळ्यात वेल दिसला नाही म्हणून काटवल संपलं असं खेड्यातलं शाळकरी पोट्टंही म्हणणार नाही.

तुमच्या अहवालाने मात्र तेच म्हटलं. माहिती अधिकारात मिळालेली प्रत माझ्यासमोर आहे. पाहणीची तारीख मे महिन्यातली. ‘वृक्षसंख्या : निरंक. खुरटे, वाळलेले गवत. जागा पडीक, विकासास योग्य.’ साहेब, मे महिन्यात नागपूरच्या आसपासच्या कुठल्याही माळावर गेलात तरी हेच लिहावं लागेल. ज्या जागेवरची निम्मी जीवसृष्टी पाऊस पडल्याशिवाय वर येतच नाही, तिची पाहणी ऐन उन्हाळ्यात करायची आणि मग काही दिसलं नाही असं लिहायचं, ही माझी पहिली तक्रार. बाकीच्या सगळ्या तक्रारी तिच्याच पोटातून निघालेल्या आहेत.

गंमत बघा. तुमच्या अभियंत्यांना जे दिसलं नाही ते रोजंदारीवर आलेल्या एका मावशींना दिसलं. भंडाऱ्याकडच्या होत्या. जेसीबीने उतार खरवडला तेव्हा मातीबरोबर बोटाएवढे काळे कंद वर आले. त्यांनी एक उचलला, पदराने पुसला, नखाने सोलून पाहिला आणि म्हणाल्या, “ही तं मुसळी व्हय ना भाऊ!” ना पान, ना फूल, नुसता कंद पाहून. मी देखरेख करणाऱ्या साहेबांना हाक मारून तो कंद दाखवला. ते म्हणाले, “गवतच तं हाये, काऊन एवढं टेन्शन घेऊन राहिले?” त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांच्या हातातल्या कागदावर ‘गवत’ असंच लिहिलेलं होतं.

दुसरी तक्रार मातीची. ही मला सगळ्यात जास्त लागलेली आहे, कारण माती हा माझा धंदा आहे. दख्खनचा काळा पाषाण आपल्या शहराच्या आसपास येऊन संपतो. पश्चिमेकडच्या टेकड्या बेसाल्टच्या आहेत, पूर्वेकडे जावं तसा त्याहून फार जुना नाइस खडक लागतो. टेकडीवर माती म्हणावी तर जेमतेम वीतभर, खाली सगळा मुरूम. पाणी पडलं की झिरपतं, साचत नाही. अशा उथळ, निचऱ्याच्या जमिनीत कुसळी, पवना, मारवेल ही गवतं, मधेमधे बोरी, एखादा पळस आणि त्यांच्या पायाशी मुसळीसारखे कंद अशी घडी शेकडो वर्षांत बसलेली असते. तुम्ही ती वीतभर माती खरवडून बाजूला केली, उतार सारखा केला आणि लॉनसाठी ट्रकांनी काळी माती आणून ओतली. ही चिकण माती पावसाळ्यात पाणी धरून बसते. तिच्यात निचऱ्याच्या जागेतला कंद टिकत नाही, तो कुजतो. हे सांगायला संशोधक लागत नाही, कुंड्या भरणारा कोणीही सांगेल.

शिवाय ती माती एकटी आली नाही. सोबत गाजर गवताचं बी आलं. पहिल्या टप्प्याच्या कडेला आज जाऊन पाहा, लॉनपेक्षा तेच जोमात आहे. जिथे कधी तरोटासुद्धा धड उगवत नव्हता तिथे आता कमरेएवढं गाजर गवत उभं आहे. जुना गवताळ माळ एकदा उकरला, नांगरला की त्याचं मूळ रूप परत यायला अनेक दशकं लागतात आणि पुष्कळदा ते येतच नाही, असं जगभरचे अभ्यासक सांगत आले आहेत. एकदा तोडलेलं झाड पुन्हा लावता येतं असं आपण निदान मानतो तरी. वीतभर मातीतली ही घडी लावून देणारा ठेकेदार माझ्या पाहण्यात नाही.

तिसरी तक्रार सांगताना मला हसूही येतं. खरवडलेल्या उतारावर तुम्ही काय लावलंत? वेडेलिया. जमिनीलगत पसरणारी, वर्षभर टिकणारी, पिवळ्या फुलांची. म्हणजे पिवळ्या फुलाची इथली वनस्पती उपटून पिवळ्या फुलाची अमेरिकेतली आणली! मूळची ती मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागातली. जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा 100 आक्रमक परदेशी जीवजातींची एक यादी आंतरराष्ट्रीय पातळीवर केलेली आहे, तिच्यात वेडेलियाचं नाव आहे. आपल्या ओळखीची रायमुनिया, म्हणजे घाणेरी, आणि सुबाभूळही त्याच यादीत आहेत. रस्त्याच्या दुभाजकात दोन्ही बाजूंनी डांबर असतं, तिथे वेडेलिया फार पळू शकत नाही. मोकळ्या उतारावर तिला अडवणार कोण? तिच्या फांदीचा एक तुकडा मातीला लागला तरी मूळ धरतो. गवत कापायचा ब्रश कटर फिरला की असे शेकडो तुकडे उतारभर उडतात, म्हणजे तुमचीच देखभाल तिची लागवड करते आहे.

चौथी तक्रार दुसऱ्या टप्प्याच्या आराखड्याबद्दल. त्यात ‘मियावाकी घनवन’ असं लिहिलेलं आहे. अकिरा मियावाकी या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञांनी ही पद्धत विकसित केली, ती जिथे मूळची वनराई नष्ट झालेली आहे तिथे त्या-त्या जागेच्या मूळच्याच जातींची झाडं दाटीने लावून ती लवकर उभी करण्यासाठी. जिथे मूळचं काही शाबूत आहे ते उकरून वर घनवन बसवण्यासाठी ती नव्हती. आणि माझ्यावर आंधळ्या विरोधाचा आरोप नको म्हणून हेही सांगतो : काळी मुसळी सावलीला भीत नाही. विदर्भातल्या पानझडी जंगलांत झाडांखाली ती असते. तिला मारतील ते दर चौरस मीटरला तीन-चार रोपं बसवायची म्हणून सबंध जमीन दोन-तीन फूट उकरणारे दात.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात उरकतो. 15 ऑगस्टच्या आधी ‘स्वच्छता’ म्हणून गवत जमिनीपासून कापलं जातं, तेव्हा गवताला बी धरलेलं नसतं आणि मुसळीची पानं पुढच्या वर्षाचा कंद भरत असतात. आराखड्यावर आसपासच्या लोकांना कोणी काही विचारलं नाही, फलक लागला तेव्हाच कळलं. आणि उतारावरून जाणारी मुरमाची पायवाट पेव्हिंग ब्लॉकची, आत्ताच्या तिप्पट रुंद होणार आहे. 22 आणि 23 सप्टेंबर 2023 च्या दरम्यानची रात्र नागपूरकर विसरलेले नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत माणसं बोटींतून बाहेर काढावी लागली. त्या पुराला कारणं अनेक होती आणि टेकडीवरचं गवत असतं तर पूर आला नसता असला दावा मी करणार नाही. पण गवताळ मुरूम जेवढं पाणी पोटात घेतो तेवढं ब्लॉक घेत नाहीत. ज्यांच्या स्वयंपाकघरात त्या रात्री गुडघाभर पाणी होतं त्यांच्यासमोर हे वेगळं सिद्ध करण्याची गरज नसावी.

तुमच्या उत्तरातला ‘एकही वृक्ष बाधित होत नाही’ हा शब्दप्रयोग कायद्यातून आलेला आहे, हे मला माहीत आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम 1975 सालचा आहे. 2021 साली त्यात दुरुस्ती होऊन 50 वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळण्याची सोय झाली. चांगलंच झालं. पण या कायद्यापुढे उभं राहायचं तर अंगात लाकूड असावं लागतं. ज्याला खोडच नाही, ज्याचा बुंधा मोजता येत नाही, त्याचा घास घेताना कोणाची परवानगी लागत नाही.

मात्र कायदा तेवढा एकच नाही. जैविक विविधता अधिनियम 2002 सालचा आहे. त्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. तिच्यात फक्त वृक्ष नव्हे, तर वेली, झुडपं, गवतं, औषधी वनस्पती, सगळं यायला हवं. या नोंदवह्या पूर्ण कराव्यात म्हणून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली होती आणि ती न पाळणाऱ्या राज्यांना महिन्याला दहा लाखांचा भुर्दंड सांगितला होता. अहवाल लिहिण्याआधी ही नोंदवही कोणी उघडून पाहिली का, एवढंच मला विचारायचं आहे. आणि हे सगळं लांब कुठे मुंबईला जाऊन विचारावं लागतं असंही नाही. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचं मुख्यालय नागपुरातच आहे. मातीचं म्हणाल तर देशभराच्या मृदा सर्वेक्षणाचं मुख्य कार्यालय आपल्या अमरावती रोडवर आहे. पर्यावरण संशोधन करणारी नीरी इथेच, विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग इथेच, कृषी महाविद्यालयही इथेच. इतकी जाणती माणसं ऑटोच्या भाड्याएवढ्या अंतरावर असताना टेकडी पाहायला एकही वनस्पती जाणणारा माणूस नेला जात नाही, याला काय म्हणावं?

“एका गवतासाठी कोणी काम अडवतं का?” हेही मला विचारलं गेलं आहे. अडवतात. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात व्हाइट माउंटन्स नावाचे डोंगर आहेत. त्यांच्या माथ्यावर, झाडं उगवणं बंद होतं त्या उंचीवर, पोटेन्टिला रॉबिन्सियाना नावाची गुलाबाच्या कुळातली एक बहुवर्षायू वनस्पती आहे. पानांचा झुबका दोन ते चार सेंटिमीटरचा, फूल पिवळं. जगात इतरत्र ती कुठेच नाही. तिच्या मुख्य वस्तीतूनच गिर्यारोहकांची जुनी पायवाट जात होती आणि बुटांखाली ती चिरडली जात होती. त्यात आधीच्या शतकात वनस्पतिशास्त्राच्या हौशी लोकांनीच नमुने म्हणून ती भरपूर उपटून नेलेली. 1980 साली तिला धोक्यातली जात म्हणून जाहीर केलं. 1983 साली पायवाट बाजूला सरकवली, वस्तीभोवती दगडांची बुटकी भिंत घातली, बी आणि रोपं लावून पाहिली. 2002 साली तिचं नाव त्या यादीतून काढलं, कारण तोवर रोपांची संख्या 14,000 च्या वर गेली होती. पर्यटन बंद झालं नाही, डोंगराला कुलूप लागलं नाही. वाट थोडी वळवली आणि माणसं वळणाने जाऊ लागली.

सगळ्यांचं असं गोड होत नाही, तेही सांगतो. नेवाडा राज्यात एरिओगोनम टिएमाय नावाची फिकट पिवळ्या फुलांची बहुवर्षायू वनस्पती आहे, तिचा अख्ख्या जगातला मुक्काम मिळून सुमारे दहा एकर. नेमक्या त्याच मातीत लिथियम आहे. डिसेंबर 2022 मध्ये तिला धोक्यातली जात ठरवलं आणि ऑक्टोबर 2024 मध्ये तिथल्या सरकारने तिच्या शेजारच्या खाणीलाही मंजुरी दिली. वाद चालू आहे. पण तिथे पेच तरी खरा आहे. विजेच्या गाड्यांच्या बॅटरीला लिथियम हवं आणि फूलही जगायला हवं. आपल्या टेकडीवर दुसऱ्या पारड्यात काय आहे? पेव्हिंग ब्लॉक आणि ‘आय लव्ह’ने सुरू होणारी दिव्यांची पाटी.

इथे तुमच्या बाजूने एक आक्षेप रास्त आहे आणि तो मीच मांडतो. काळी मुसळी ही काही त्या अमेरिकन फुलांसारखी एकाच जागेची वनस्पती नाही. भारतभर आहे, भारताबाहेरही आहे. इतवारीत काष्ठौषधीच्या दुकानात मागितली तर सुकवलेली मिळते. मग या एका उतारावरची गेली तर काय बिघडलं? माझं म्हणणं असं की ती भारतभर आहे ते अशाच एकेका उताराच्या हिशोबाने. शहराच्या या भागात तिचं घर म्हणजे तो दोन-तीन मैदानांएवढा तुकडा. त्याच्या चारी बाजूंना रस्ते आणि इमारती. बी लांब जात नाही, कंदाला पाय नाहीत. इथून ती गेली तर दुसरीकडून आपसूक येण्याची वाटच उरलेली नाही. औषधासाठी ती जंगलांतून उपसली जाते, तो भार वेगळाच. ‘सगळीकडे आहे’ असं म्हणत म्हणतच एखादी गोष्ट सगळीकडून जाते.

आणि मुसळी हे मला ओळखता आलेलं एक नाव झालं. तिच्या शेजारी काय काय आहे ते जाणकाराने पावसाळ्यात बसून पाहिलेलं नाही. 2023 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या विशाळगडावरून कंदीलपुष्पाच्या वर्गातली एक नवी जात जगापुढे आली. छत्रपती शिवरायांच्या नावावरून तिला सेरोपेजिया शिवरायियाना असं नाव दिलं गेलं. ज्या गडावर शतकानुशतकं माणसांचा राबता आहे तिथे हे सापडलं. आमच्या टेकडीवर असं काही सापडेल असा माझा दावा नाही. पाहण्याआधी ‘निरंक’ लिहू नका, एवढीच विनंती आहे.

तुमच्या सल्लागारांनी मला एक तोडगाही सुचवला होता : कंद काढून द्या, उद्यानात ‘औषधी वनस्पती कोपरा’ करू, पाटी लावू, तुमच्या रोपवाटिकेलाच काम देऊ. सूचना वाईट हेतूने केलेली नव्हती. मला ते काम जमेलही. कोंब असलेला कंदाचा तुकडा नीट लावला तर पावसाळ्यात फुटतो. पण दहा कुंड्यांची पावती फाडून टेकडी मोकळी करून घ्यायची, या सौद्यात मी सही करणार नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

उरलेल्या उतारावरचं दुसऱ्या टप्प्याचं काम वनस्पतींची पाहणी होईपर्यंत थांबवावं. पाहणी याच पावसाळ्यात, म्हणजे आत्तापासून नवरात्रापर्यंत व्हावी आणि ती विद्यापीठातल्या किंवा तशाच जाणकार वनस्पती अभ्यासकांकडून व्हावी. तिचा निष्कर्ष लोकांसमोर ठेवावा, नोंदवहीत घालावा, मात्र कंदांची नेमकी ठिकाणं जाहीर करू नयेत. यापुढे शहरातल्या कुठल्याही टेकडीची किंवा माळाची पाहणी एकदा तरी पावसात झाल्याशिवाय तिला कागदावर ‘पडीक’ म्हणू नये.

उतारावर जेसीबी, बाहेरची माती आणि वेडेलिया, सुबाभूळ यांसारखी झाडं नेऊ नयेत. पहिल्या टप्प्यात लावलेली वेडेलिया हाताने उपटून, गोळा करून बाहेर न्यावी. ती कटरने कापू नये. गाजर गवत फुलावर येण्याआधी काढावं. बाकीचं गवत कापायचंच असेल तर कार्तिकात, बी पडून गेल्यावर कापावं.

जुनी पायवाट आहे तेवढीच, मुरमाचीच राहू द्यावी. घनवन करायचं असेल तर शहरात भराव टाकून बिघडवलेल्या जागा पुष्कळ आहेत, तिथे करा. रोपं मी रास्त भावात देईन. पहिल्या टप्प्यात झालेला फिरण्याचा ट्रॅक आणि बाकं काढा असं मी म्हणत नाही. ज्येष्ठ मंडळी तिथे बसतात, त्यांची सोय झाली आहे. दिवे, बाकं, पाटी जे काय आणखी हवं असेल ते त्याच सपाटीवर, पायथ्याशी होऊ द्या.

आणि या पत्राला लेखी उत्तर द्यावं. ‘निकाली काढण्यात येत आहे’ याहून लांब.

मुसळीची फुलं अजून काही आठवडे आहेत. तुमच्यापैकी कोणालाही पाहायची असतील तर रविवारी सकाळी साडेसहाला मी पायथ्याशी असतो. सोबत घेऊन जाईन, वाकून दाखवीन. नंतरचे तर्री पोहे माझ्याकडून. ज्या ठेकेदारांना दुसऱ्या टप्प्याचं काम मिळालं आहे त्यांनी माझ्याकडे वेडेलियाच्या रोपांची मोठी ऑर्डर दिली होती, ती मी आगाऊ रकमेसकट परत केली आहे. ते दुसऱ्या रोपवाटिकेतून घेतील, शहरात पुष्कळ आहेत. त्यामुळे ती रोपं उतारावर जायची थांबवणं माझ्या हातात नाही, निविदेतली ती एक ओळ खोडणं तुमच्या हातात आहे.

आपला,
एक रोपवाटिकाचालक
पश्चिम नागपूर